बसेल हळूहळू

हॉस्पिटलच्या दारात तिला सगळे अलगदताई म्हणायचे. टाके घातलेली, प्लॅस्टर लावलेली, हाडं ठिसूळ झालेली माणसं ती स्वतःच्या गाडीतून घरी सोडायची आणि तपासणीच्या दिवशी परत आणायची. गाडी थांबता थांबता ब्रेकवरचा पाय ती असा हलका करायची की मागच्याची मानसुद्धा पुढे जात नसे. वॉर्डातल्या नर्सच पेशंटला सांगत, थोडं थांबा, पण हिच्याच गाडीने जा.

स्वभाव मात्र अजिबात अलगद नव्हता. तिचा नवरा म्हणायचा, "सगळा मऊपणा गाडीत संपतो हिचा. घरी येईपर्यंत काही शिल्लक राहत नाही."

गाडी जुनी झाली. मागचे शॉकअप गळायला लागले, एक स्प्रिंग तुटली. नवऱ्याच्या धाकट्या भावाचं गॅरेज होतं, म्हणून ती भावजींकडे गेली.

"वहिनी, घरचं काम आहे, मजुरी घेणार नाही," भावजी म्हणाले. "मागचं सगळं सस्पेन्शनच नवं टाकून देतो. गाडी नवीकोरी होईल."

दुसऱ्या दिवशी तिला पेशंट आणायचे होते, म्हणून संध्याकाळी गाडी हवीच असं ती बजावून आली. गाडी वेळेवर मिळाली. घरी येतानाच तिला काहीतरी खटकलं. रस्त्यावरचा बारीकसा जोड दाढेपर्यंत जाणवत होता. तिने फोन केला तर भावजी म्हणाले, "नवे पार्ट आहेत. बसेल हळूहळू."

सकाळी पहिली फेरी टायपिस्टबाईंची होती. कोर्टात आयुष्यभर टायपिंग करून निवृत्त झालेल्या या बाई आता इतक्या वाळल्या होत्या की मागच्या सीटवर बसल्या तरी सीटला पत्ता लागत नसे. पाठीचे मणके एकेक करून खचत चालले होते. जिभेला मात्र धार होती. पहिल्या स्पीडब्रेकरवरच त्यांनी दोन्ही हातांनी समोरची सीट धरली.

"आज गाडी रुसलीय का तुझी?"

"नवं सस्पेन्शन टाकलंय, बाई. बसेल हळूहळू."

"ते बसेपर्यंत मी उभी राहायची का?"

गाडी बसली नाही. उलट मागून उंच दिसायला लागली; चाकाच्या वर जिथे पूर्वी दोन बोटं जायची तिथे आता तिचा सबंध पंजा जात होता. ती पुन्हा गॅरेजवर गेली. भावजींनी टायरची हवा कमी करून दिली. फरक पडला नाही. ती परत गेली तेव्हा ते दुसऱ्याच गाडीखाली झोपले होते, तिथूनच बोलले.

"वहिनी, इतकी वर्षं तुम्ही खिळखिळी गाडी चालवलीत. आता घट्ट गाडी हाताला वेगळी लागणारच. मनातला भास आहे तो."

तिने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "धर्माची गाय आणि दात का गं नाय. एक पैसा मजुरी घेतली नाही त्याने, आणि तुझी रोजची कुरकुर."

ती गप्प बसली. याच गप्प बसण्याचा तिला पुढे सर्वांत जास्त राग आला.

कारण त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या अलीकडच्या गल्लीत, गटाराच्या उंच झाकणावरून जाताना, गाडी जेमतेम माणसाच्या चालीने जात असूनही मागून उसळली. टायपिस्टबाईंच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. त्यानंतर त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि त्या काही बोलत नाहीत याचीच तिला भीती वाटली. एक्स-रेमध्ये आणखी एक मणका चेपलेला दिसला.

बाईंचा मुलगा धावत आला. तो समजूतदार होता. "तुमचा काही दोष नाही हो. डॉक्टर म्हणाले, आईला साध्या शिंकेनेसुद्धा हे झालं असतं."

"शिंक आली नव्हती त्यांना," ती म्हणाली.

तिथून ती थेट गॅरेजवर गेली. भावजींना म्हणाली, हात पुसा आणि गाडीत बसा. नवरा तिथेच चहा पीत होता, त्यालाही उठवलं. "पुढे नको. दोघेही मागे बसा."

दोघे भाऊ अंगाने चांगले भरलेले. गाडीचा मागचा भाग खाली गेला. तिने त्यांना त्याच गल्लीत नेलं, त्याच झाकणावरून नेलं, आणि मुद्दाम जरा जोरात नेलं.

गाडी मऊ गेली. झोपाळ्यावर बसल्यासारखी गेली.

"कुठे काय लागतंय?" नवरा म्हणाला.

भावजी नुसते हसले. ती तीन वेळा वळून त्याच झाकणावरून गेली आणि तिन्ही वेळा गाडीने तिला तोंडघशी पाडलं. शेवटी नवरा म्हणाला, "पुरे आता, लोक बघतायत."

घरी येऊन तिने भांडी अशी आपटली की शेजारीण डोकावून गेली. स्वतःच्या हातांवरचा, कानांवरचा विश्वास उडाल्यासारखं झालं होतं. मग पातेलं घासता घासता ती थांबली. दोन दणकट माणसं बसली तर गाडी मऊ. चिमणीएवढी बाई बसली तर दगड. म्हणजे स्प्रिंग खराब नव्हती. ती बाईसाठी नव्हतीच.

सकाळी तिने चाकाखाली वाकून स्प्रिंगचा आणि तिच्यावर ओळखीसाठी मारलेल्या रंगाच्या पट्ट्यांचा फोटो काढला आणि पार्टच्या दुकानात दाखवला. काउंटरवरच्या माणसाने एकदाच पाहिलं.

"ही याच मॉडेलच्या डिलिव्हरी व्हॅनची. मागे पोती टाका, झकास चालेल. माणसांच्या गाडीची वेगळी येते. ती गेल्या महिन्यात आमच्याकडे संपली होती."

रविवारी भावजी नेहमीसारखे जेवायला आले. तिने त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि फोन ताटाशेजारी ठेवला.

"ही स्प्रिंग कुठल्या गाडीची, भावजी?"

त्यांनी घास तोंडात तसाच धरला. मग म्हणाले, "तुम्हालाच संध्याकाळी गाडी हवी होती. तुमची स्प्रिंग बाजारात नव्हती. ही बसत होती, बसवली. थोडी कडक असते, एवढंच."

"एवढंच. म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"अहो, तुमच्या भल्यासाठीच—"

"मग भास कुणाला होत होता?"

नवरा मध्ये पडला. "जेवताना कशाला? घरातली गोष्ट आहे."

"एका म्हातारीचा मणका मोडला," ती म्हणाली. "ती या घरातली नाही. आणि तुम्ही त्या दिवशी मागे बसून मला वेड्यात काढलंत. भावजींना तर कारण माहीत होतं. बसल्या बसल्या हसत होते ते." तिचा आवाज चढला नाही. तिने दोघांच्या ताटात भात वाढला. "जेवा. मग आपल्याला एका ठिकाणी जायचंय."

भावजी नको म्हणत होते. पण या वेळी नवराच उठला आणि भावाला म्हणाला, "चल."

टायपिस्टबाई आपल्या घरी पाठीला पट्टा बांधून उताण्या पडल्या होत्या. भावजी पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून पुटपुटले.

"मोठ्याने बोला," बाई म्हणाल्या. "चूक खालच्या आवाजात सांगितली म्हणून लहान होत नाही."

भावजींनी सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, माफ वगैरे काही केलं नाही. मान वळवता येत नव्हती, म्हणून छताकडे पाहतच त्या तिला म्हणाल्या, "आणि तू. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू त्याचं ऐकलंस."

"हो," ती म्हणाली.

योग्य स्प्रिंग तिने दुसऱ्या गॅरेजमध्ये टाकून घेतली, मजुरी देऊन. नंतर मागच्या सीटवर ती स्वतः आडवी झाली आणि नवऱ्याला गाडी चालवायला लावली. त्या गल्लीतून, त्या झाकणावरून. उतरल्यावर तो म्हणाला, "आता ठीक आहे ना?"

"गाडी ठीक आहे," ती म्हणाली.

भावजींचं रविवारचं येणं बंद झालं. नवऱ्याने एकदोनदा विषय काढून पाहिला. तिने येऊ नका म्हटलं नव्हतं, या असंही म्हटलं नाही. पट्टा निघाल्यावर टायपिस्टबाई पुन्हा तिच्याच गाडीने जायला लागल्या. पण आता बसण्याआधी त्या विचारतात, गाडीला काही नवं लावलंयस का, आणि ती नाही म्हणेपर्यंत पाय आत ठेवत नाहीत.