न्हाव्याचा हात कापतो

त्याचा वस्तरा गालावरून लोण्यासारखा फिरायचा, म्हणून सगळे त्याला लोणीमामा म्हणत. लोक त्याच्या खुर्चीत दाढीला बसायचे आणि डुलकी काढून उठायचे. एवढा विश्वास कमवायला त्याचे केस पांढरे झाले होते.

अशा माणसाच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरेना, तेव्हा डॉक्टरीणबाई चिडल्या. "मामा, इन्सुलिन घेता, की नुसतं घेतलं म्हणता? अशानं अंगठा जाईल, डोळेही जातील."

मामा ओशाळं हसला. बाईंनी त्याला आळशी ठरवलं. मामीला मात्र ते पटेना. स्वतःची हत्यारं रोज न चुकता उकळणारा माणूस नेमकं इंजेक्शन विसरतो, आणि तेही फक्त सुट्टीच्या दिवशी, दुकानात मुंगीला शिरायला जागा नसते तेव्हा?

घरी येताच तिनं विचारलं, "मला खरं सांगाल का?"

मामानं जखमेवरची पट्टी सारखी केली. "गर्दीत खायला फुरसत मिळत नाही. इंजेक्शन घेतलं आणि पोटात काही नसलं, की साखर उतरते, बोटं थरथरतात. एकदा वस्तरा थेट गळ्यावर होता. देवानं राखलं. म्हणून गर्दीच्या दिवशी घेतच नाही."

"मग गिऱ्हाइकाला थांबवा आणि खा."

"आणि सांगू काय? न्हाव्याचा हात कापतो?"

मामीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "अहो, कापतो ते लपवलंत, तर एक दिवस खरंच कापेल."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यानं इंजेक्शन घेतलं. मामीनं डबा दिला आणि वर साखरेची पुडी ठेवली. सकाळी दोन घास खाल्ले तेवढेच; मग बाकावर जागा उरली नाही आणि डबा तसाच राहिला. दुपारी खुर्चीत निवृत्त हेडमास्तर होते. त्यांची डावी बाजू झाली आणि मामाच्या ओठांवर घाम फुटला. पूर्वी अशा वेळी तो काहीतरी निमित्त काढायचा. आज त्यानं वस्तरा मिटला.

"हेडमास्तर, मला मधुमेह आहे. साखर उतरलीय, हात कापायला लागलाय. थोडं खाऊन घेतो, मग उरलेली करतो."

बाकावरचा एकजण चपला शोधू लागला. हेडमास्तर गळ्यातला टॉवेल काढून, उजव्या गालावर फेस तसाच घेऊन, तरातरा बाहेर पडले. तरी मामानं पुडी तोंडात रिकामी केली, डबा उघडला आणि सगळ्यांसमोर बसून जेवला. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड जेवण असावं.

समोरच्या दुकानातल्या न्हाव्यानं हेडमास्तरांना दारातच हात जोडले. "दुसऱ्यानं अर्धी केलेली दाढी मी पुरी करत नाही. उद्या काही लागलं तर नाव कुणाचं?"

हेडमास्तर गालावर रुमाल धरून परत आले. तोवर फेस वाळून पापडी झाली होती.

"जेवण झालं?"

"झालं."

"हात पुढे करा."

मामानं शाळकरी मुलासारखे दोन्ही हात पुढे केले. हेडमास्तरांनी चष्मा नाकावर ओढून ते नीट पाहिले. बोटं दगडासारखी स्थिर होती.

"पास. करा सुरू. आणि ही बाजूही लोणीच पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील, डावीकडे वशिला होता."

सारं दुकान हसलं. चपला शोधणाऱ्यानं त्या पुन्हा बाकाखाली सरकवल्या.

काही गिऱ्हाइकं तुटली, नाही असं नाही. त्यातली दोन तर जुनी होती आणि त्यांचं मामाला अजून वाईट वाटतं. पण अंगठा वाचला. तेव्हापासून टॉवेल बांधायच्या आधी हेडमास्तरांचा प्रश्न ठरलेला असतो, "मामा, डबा झाला?"

"एवढी काळजी?" मामा एकदा म्हणाला.

"तुमची कसली?" हेडमास्तरांनी मान वर करून गळा पुढे केला. "माझी!"