आठ महिन्यांचा काढा

करोनाचा जोर ओसरला तरी माझा काढा थांबला नाही. कळंबोलीत आमच्या सोसायटीच्या कुंपणावर गुळवेल चढली होती. रोज सकाळी मी वीतभर कांडी कापून आणायची, ठेचून उकळायची आणि पेला नवऱ्याच्या हातात द्यायची. ते लोखंड बाजारातल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात क्लार्क. दिवसभर माणसांत वावर. तोंड वाकडं करायचे, पण निमूट प्यायचे.

आठव्या महिन्यात त्यांची भूक गेली. अंगाला खाज सुटली, लघवी गडद व्हायला लागली. उष्णता असेल म्हणून मी काढा दिवसातून दोन वेळा द्यायला लागले. मग एका रविवारी दाढी करता करता त्यांनी मला हाक मारली.

"जरा इकडे ये. माझे डोळे बघ."

पिवळे झाले होते.

नणंद म्हणाली, "वहिनी, काविळीला दवाखान्यात औषध नसतं. जासईकडे एक जण मुळी देतो." तीन दिवस ती मुळी दुधातून दिली. चौथ्या दिवशी ते जेवता जेवता ताटावरच पेंगले. तेव्हा कुठे हॉस्पिटल गाठलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "दारू?"

"कधीच नाही."

"झाडपाल्याचं काही औषध?"

मी मुळीचं सांगितलं. काढा माझ्या मनातही आला नाही. घरात रोज करते ते औषध कसं असेल?

काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, लिव्हरचे आकडे मात्र वाढतच होते. ते मला ओळखायचे, पण मुलीचं नाव चुकायचे. तिसऱ्या दिवशी बाई माझ्याशेजारी बसल्या. "सकाळी उठल्यापासून ते काय काय घेतात, सगळं सांगा."

मी सांगत गेले. काढ्यापाशी आले तसं त्यांचं पेन थांबलं.

"किती महिने?"

मी सांगितलं.

"गुळवेलीने सगळ्यांना असं होत नाही," त्या म्हणाल्या. "काहींचं शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उलटतं. आणि ती वेल गुळवेलच होती, हे तरी कुणी तपासलं?"

दीड महिन्याने ते घरी आले. अर्धे झाले होते. मला आजवर एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त चहा दिला की आधी कपात बघतात.

दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो. मागच्या खेपेला आकडा पुन्हा थोडा चढला. "घरात काही नवीन?" बाईंनी विचारलं. मी नाही म्हणाले. घरी आले आणि स्वयंपाकघरातली एकेक बरणी उघडून बघत बसले.