माझ्या सनईला दिलेली दहा मिनिटं

“तू दारात बस. पाहुणे यायला लागले की वाजव. बसले की बंद कर.”

अध्यक्ष मला म्हणले. जालन्यात, एका शाळेच्या हॉलच्या पायरीवर उभे राहून. आत शास्त्रीय संगीताचा वार्षिक जलसा. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. अंगात इस्त्रीचा पांढरा झब्बा, काखेत कापडात गुंडाळलेली सनई, खिशात पत्रिका. पत्रिकेत माझं नाव छापलेलं. सगळ्यात वर. गवयाच्याही वर, दीपप्रज्वलनाच्याही वर. मला वाटलं, मान दिला. कुंभार पिंपळगावच्या बाजारात मी ती पत्रिका दिसंल त्याला दाखवली. वर का छापलं असंल, हे डोक्यातच आलं न्हाई. सनई सगळ्यात आधी वाजते. माणसं चपला काढत असतात तेव्हा. म्हणून वर. येडाच मी.

आबा सोबत आल्ता. माझा बाप. आम्ही मांग. सनई आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या. लग्नात वाजवायची, देवाच्या दारात वाजवायची, पाटलाच्या दारात वाजवायची. दारातच. आत कधी न्हाई. त्या दिवशी आबा वाजवायला आला न्हवता. पोरगा मंचावर बसणार, ते बघायला आल्ता. धुतलेलं धोतर नेसून, घनसावंगीपर्यंत जीपनं, मंग यष्टीनं. मी त्याला म्हणल्तो, आबा, तुला खुर्चीवर बसवतो.

अध्यक्षांचं बोलणं आबानं ऐकलं. मी तोंड उघडायच्या आत त्यानं दाराजवळची सतरंजी झटकली अन् खाली बसला.

मी म्हणलं, “आबा, ऊठ.”

तो म्हणला, “आरं, आपली जागाच हाय ती. बस जल्दी. लोकं येऊन राह्यले.”

त्याला वाईट वाटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्याला वाटलंच न्हाई. हे मला आजबी जाळतं.

मंग मी बसलो. हो, बसलो. खोटं कशाला सांगू? बापानं झटकलेल्या सतरंजीवर, चपलांच्या शेजारी. आबाच्या पिशवीत त्याची सनई कायम असायची. ती काढून त्यानं एकच सूर धरला अन् मी मारवा लावला. मारवा म्हणजे दिवस मावळतानाचा राग. त्यात सा वर घाईनं यायचं नसतं. आजूबाजूनं फिरायचं, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावायचा, अन् मंग यायचं. मास्तरांनी सात वर्षं हेच घोटून घेतलं होतं. मी डोळे मिटले. अत्तराचा वास, गजरे, “या या, बसा बसा”, सगळं विसरलो. रस्त्यावर एक रिक्षावाला थांबून ऐकून राह्यल्ता, तेवढं कळत होतं. मी अजून सा वर आलोच न्हवतो.

अन् सनई दातावर आपटली. सूर तुटला.

डोळे उघडले तर अध्यक्षांचा तळहात सनईच्या तोंडावर. बाटलीला बूच लावावं तसा. माझा ओठ फुटला होता. तिकडं त्यांचं लक्षबी न्हवतं. म्हणले, “बास. झालं. आतलं सुरू होतंय.”

मी म्हणलं, “जी.”

दुसरं काहीच न्हाई. नुसतं “जी”. ओठ पुसला, सनई कापडात गुंडाळली अन् बापाला घेऊन बसस्टँडवर गेलो.

मास्तर पहिल्या रांगेत होते. माझे मास्तर, ज्यांच्याकडं मी शिकलो. मधलं दार उघडंच होतं, त्यांना सगळं दिसत होतं. चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. ते पान जमवून राह्यल्ते.

“मारवा चांगला लागला होता परवा,” ते म्हणले.

“मंग तुम्ही बोलला का न्हाई, मास्तर?”

त्यांनी चुना लावला, कात टाकला. मंग म्हणले, “सनई मंगलवाद्य आहे. दाराची शोभा आहे. त्यात कमीपणा कसला?”

कमीपणा कसला! ज्याच्यावर चपलांत बसायची पाळी आली न्हाई, त्यालाच असलं सुचतं. मास्तर वाईट माणूस न्हवते. विद्या दिली, हातचं राखून न ठेवता दिली. पण शिकवणं वेगळं अन् बाजूनं उभं राहणं वेगळं. मी पाया पडलो. त्या घरी परत गेलो न्हाई.

दोन वर्षं सनई पेटीत. मी एमआयडीसीत एका बियाण्याच्या कारखान्यात पोती उचलायला लागलो. कपाशीचं बी, ज्वारीचं बी. नाकातोंडात औषधाची गुलाबी भुकटी. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत राहवलं न्हाई. सनई सोबत आणल्ती. गोदामामागं जाऊन वाजवली. भिंतीपलीकडून आवाज आला, “अरे कौन है भई? बिलकुल सच्चा सुर है!”

ते रशीदभाई. पलीकडच्या रोलिंग मिलमध्ये कामाला. तापल्या सळयांच्या ठिणग्यांनी हातभर डाग. त्याच हातांनी औरंगाबादला उस्तादाकडं बारा वर्षं तबला शिकलेले. मिलमध्ये कुणाला ठाऊकबी न्हवतं.

तिसऱ्या सुनंदाताई. त्यांना रशीदभाईंनी आणलं. वकिलाची मुलगी, शाळेत संगीत शिकवायच्या, व्हायोलिनवर हात असा की ऐकत राहावं. पण जन्मभर गवयांच्या मागं बसून साथ केलेली. त्या म्हणाल्या, “मला आता कुणाच्या मागे बसायचं नाही.” ते वाक्य ऐकलं अन् मी त्यांचा झालो. वाटलं, हिला कळतं.

आम्ही रविवारी त्या गोदामात बसायचो. मुकादम भला होता, किल्ली द्यायचा. पोत्यांच्या थप्प्यांमधी सतरंजी. पहिल्याच रविवारी एक गोष्ट घडली. बैठकीत काय असतं, गवई आपली पट्टी सांगतो अन् बाकीचे आपापलं वाद्य त्या पट्टीत लावतात. सनईचं तसं न्हाई. तिची लांबी ठरलेली, भोकं ठरलेली. तिचा सा हलवता येत न्हाई. ताई मला म्हणाल्या, “तुझा सा दे.” मी दिला. त्यांनी खुंट्या पिळल्या. रशीदभाईंनी हातोडी मारून तबला चढवला. दोघं माझ्या सुरात आले. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडं आलं. मी सनई खाली ठेवली अन् ढसाढसा रडलो.

रशीदभाई म्हणले, “अरे यार, सुर मिलाया है, मय्यत थोडी है!”

आमच्यात मुख्य कलाकार कुणी न्हाई, असं ठरलं. अर्धगोल बसायचं. एकानं राग उघडायचा, दुसऱ्यानं उचलायचा, तबल्यालाबी बोलायची पाळी. लोक म्हणले, हे काय खूळ. मंग हळूहळू ऐकायला लागले. परभणी, नांदेड, लातूरची कॉलेजं. शिक्षकांची शिबिरं. एकदा तर साखर कारखान्याच्या पटांगणात, उसाच्या गाड्या थांबवून. संयोजक विचारायचे, पत्रिकेत मोठ्या अक्षरात कुणाचं नाव? ताई सांगायच्या, “कुणाचंच नाही. तिघांचं सारखं.” सहा वर्षं अशी. मी त्या बाईवर डोळे झाकून भरोसा ठेवला.

मंग जालन्यात मोठा महोत्सव आला. आम्हाला बोलावलं. आमच्या नंतर एक नामी बुवा गाणार होते, लांबून मोटारीनं आलेले. कार्यक्रमाआधी अर्धा तास संयोजक मंचामागं आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवला तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

“असं करू,” ते म्हणले. “पहिली दहा मिनिटं सनई होऊ दे, मंगलध्वनी म्हणून. मग तू खाली ये. बुवांचे साथीदार आलेच नाहीत. हे दोघं बुवांना साथ करतील. बुवांची पट्टी वेगळी आहे, सनई त्यात बसत नाही.”

मी ताईंकडं बघितलं.

त्या म्हणाल्या, “अरे, या एका वेळेला ऐक. बुवांबरोबर वाजवायला मिळतंय. आपल्या तिघांचंच भलं होईल.”

रशीदभाई म्हणले, “मैं एकच तबला लाया. इसके सुर का.”

मी काहीच बोललो न्हाई. गप्प बसलो म्हणजे कबूल, असं सगळ्यांनी धरलं. आमच्या गप्प बसण्याचा अर्थ दुसरेच लावतात, बराबर त्यांच्या सोयीचा.

मंचावर बसलो. पडदा वर. यमन वाजवायचा होता. मी सा दिला. तबला लगेच मिळाला. ताई व्हायोलिन मांडीवर घेऊन समोर बघत बसलेल्या. न्हेमी माझा सा आला की तार छेडून बघतात. आज बघितली न्हाई. मी हात लांब केला अन् सगळ्यांसमोर त्यांची तार बोटानं छेडली.

उतरलेली. चांगली दोन सुरांनी उतरलेली. बुवांच्या पट्टीत.

म्हणजे मला “ऐक” म्हणायच्या आधीच तारा उतरवून झाल्या होत्या. विचारणं नुसतं दाखवायला. ताईंनी मान खाली घातली. माझ्या डोक्यात रक्त चढलं. अध्यक्ष परका होता, त्याचा हात परका होता. ही तर आमच्यातली.

मी वाजवायला लागलो. दहा मिनिटं झाली. संयोजकांनी पडद्याआडून खूण केली. मी वाजवत राह्यलो. पंधरा झाली. ते वाकून मंचावर आले, कानाशी लागले, “बंद कर, बुवा उभे आहेत.” मी वाजवत राह्यलो, त्यांच्या डोळ्यात डोळे घालून. मंग त्यांनी माईक बंद केला. करा की! सनईला माईक लागतो कुणाला सांगता? आम्ही ती शेकडो वर्षं उघड्यावर वाजवली. तुम्हीच आम्हाला बाहेर ठेवलं, मंग तिला दूरवर ऐकू जायची सवय लागली.

रशीदभाईंनी हात आणखी मोकळा सोडला. मागून कुणीतरी ओरडलं, “उतरवा त्याला!” काही जण उठून गेले. काही बसून राह्यले. ताई दोघांच्या मधी बसून होत्या, व्हायोलिनचा गज मांडीवर आडवा. खुंट्या पिळून तार चढवायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. त्यांनी पाऊण तासात हात लावला न्हाई. मी यमन पुरा वाजवला. आलाप, विलंबित, द्रुत, सगळं. बुवा न गाताच मोटारीत बसून गेले.

मंचामागं ताई रडत होत्या. म्हणाल्या, “मला वाटलं, तू ऐकशील.”

हे मला थपडीपेक्षा जोरात लागलं. सहा वर्षं सोबत बसून त्या माझ्याबद्दल हेच शिकल्या होत्या, की हा ऐकतो. अन् त्यांचं तरी काय चुकलं? मी तोवर ऐकतच आल्तो.

आठ दिवसांत ठरलेले सगळे कार्यक्रम गेले. कुणी म्हणलं उद्धट, कुणी म्हणलं डोक्यावर चढवून ठेवला की असंच होतं. महोत्सवाच्या समितीनं आमच्याकडं लेखी माफीनामा मागितला. रविवारी ताई गोदामात आल्या, हातात कागद. मजकूर त्यांनीच लिहिला होता, चांगल्या वळणदार अक्षरात. खाली त्यांची सही झालेली.

“तुम्ही दोघांनी सही करा,” त्या म्हणाल्या. “नाही तर सगळं संपेल.”

रशीदभाईंनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणलं, “संपू द्या, ताई. मी सही करणार न्हाई. इथं वाजवायचं तर मला विचारल्याशिवाय तार उतरवायची न्हाई. जमत असंल तर बसा. जमत नसंल तर जा.”

त्यांनी कागदाची घडी घातली अन् गेल्या. मी थांबवलं न्हाई. वाईट वाटलं का? वाटलं. फार वाटलं. असा हात पुन्हा सोबतीला मिळायचा न्हाई, हे मला ठाऊक हाय.

आम्ही दोघंच राह्यलो. दोघं वाजवतो. कुणी बोलावताना विचारलं, किती मिनिटं, तर मी आधीच सांगतो, मिनिटं मी ठरवणार. पटलं तर बोलवा. मंचावर बसल्यावर मला कुणी खूण करायची न्हाई. ज्याला उठायचं त्यानं उठावं, ज्याला ओरडायचं त्यानं ओरडावं. राग पुरा झाला की मी उतरतो. त्याच्या आधी न्हाई.