बोट ठेवायला जागा

आमच्या सासूबाईंना गल्लीतली पोरं ‘उसवकाकू’ म्हणायची. नाव अगदी चपखल होतं. गोधडी कितीही पुढे गेलेली असो, एक टाका वाकडा पडला की त्या त्यावर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, “उसव.” लग्न झाल्यापासून तेवीस वर्षं मी हा शब्द ऐकत आले. त्यातून मी डावखुरी. पहिल्या दिवशी माझ्या डाव्या हातात सुई बघून त्यांनी असं तोंड केलं होतं, जणू मी पालच धरलीय. मीही काही गरीब गाय नव्हते, तोंडातल्या तोंडात बरंच बोलायचे. पण खोटं कशाला बोलू, त्यांच्या गोधडीत बोट ठेवायला जागा नसायची.

गोधडी शिवताना त्या कडेपासून सुरुवात करायच्या. एकेक फेरा घेत आत यायचं, दोन फेऱ्यांत एका बोटाचं अंतर, आणि शेवट मधल्या चौकात. सत्तरी उलटल्यावर त्यांच्या डोळ्यांचं काहीतरी झालं. कडेचं दिसायचं, पण जिथे नजर रोखावी तिथेच धुरकट डाग. आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन त्यांनी सुई घेतली आणि मला म्हणाल्या, “ओवून दे.”

त्याच सुमाराला गणिताच्या बाई आल्या. त्यांनी माझ्या नवऱ्याला शाळेत शिकवलं होतं. त्या दारात दिसल्या की पन्नाशीचा हा माणूस अजून ताडकन उभा राहतो. बाईंचे यजमान नुकतेच गेले होते. त्यांचे शर्ट धुऊन, इस्त्री करून त्यांनी पिशवीतून आणले होते. “ह्यांची गोधडी करून द्या,” त्या म्हणाल्या. “फेरे सरळ हवेत. ह्यांना वाकडं खपायचं नाही.” सासूबाई म्हणाल्या, “मलाही नाही.”

चार महिने लागले. पूर्ण झाली त्या दुपारी सासूबाई जरा आडव्या झाल्या होत्या. सुटे दोरे कापायला म्हणून मी गोधडी पलंगावर पसरली, आणि बघते तर काय! मधल्या चौकात टाके भरकटले होते. एक भलताच लांब, दोन एकमेकांवर चढलेले, एक तर शेजारच्या फेऱ्यात जाऊन बसलेला. मी मोजले. नऊ.

सांगावं तर त्या स्वतःलाच ‘उसव’ म्हणणार, आणि परत घालायला डोळे कुठून आणणार? न सांगावं तर बाईंच्या नजरेतून सुटणं अशक्य. आयुष्यभर कमावलेलं नाव नऊ टाक्यांपायी जाणार. मग मी तिसरंच केलं. नऊच्या नऊ उसवले आणि त्याच दोऱ्यानं सरळ घातले. झाकपाक इतकी झकास, की माझी मीच खूश झाले.

संध्याकाळी घडी घालण्याआधी सासूबाईंनी नेहमीसारखं गोधडीवर बोट फिरवलं. कडेकडून आत आल्या. चौकात बोट थांबलं.

“हे कुणी घातले?”

“तुम्हीच की, आई.”

“माझा टाका उजवीकडे झुकतो. हे डावीकडे झुकलेत.”

चोर डाव्या हातामुळे सापडला. “थोडे वाकडे होते,” मी म्हटलं. “बाई काय म्हणतील म्हणून...”

“वाकडे होते ते ठाऊक आहे मला. घालतानाच बोटाला कळलं. तीनदा उसवले. चौथ्यांदाही तसेच आले.” मग त्यांनी बोट तिथेच दाबून धरलं. “उसव.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो, सरळ आहेत ते! तुमच्याच नावासाठी केलं ना मी?”

“नाव माझं लागणार ना? मग टाका माझा हवा. उसव.”

उसवले. सुई ओवून दिली. नऊ टाक्यांना त्यांना अर्धा तास लागला. घालून झाल्यावर त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. आधीपेक्षा वाकडे होते. मी कातरी हातात घेऊन त्यांच्या त्या शब्दाची वाट बघत बसले.

“राहू दे,” त्या म्हणाल्या.

तेवीस वर्षांत मी हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं. त्यांना ते दिसलं नाही, एवढं बरं.

बाई आल्या तेव्हा सासूबाईंनी गोधडी उलगडली आणि बाईंचं बोट धरून चौकात नेऊन ठेवलं. “इथे नऊ टाके चुकलेत. आता माझ्याच्यानं ह्याहून सरळ होत नाहीत. नको असेल तर स्पष्ट सांगा.” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, मी मनात म्हटलं.

बाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि सावकाश बघितलं. “नऊ नाहीत, दहा आहेत,” त्या म्हणाल्या. मग गोधडीची घडी घातली आणि कुशीत घेतली.

बाई गेल्यावर सासूबाई आपल्या बोटाकडे बघत होत्या. “दहा. म्हणजे आता बोटालाही कळेनासं झालं.” त्यांनी बोटातलं शिवणाचं अंगुस्तान काढून माझ्यासमोर धरलं. “पुढची गोधडी तू शिव.”

मी सवयीनं उजवा हात पुढे केला.

“तो नाही,” त्या म्हणाल्या. “ज्या हातानं शिवतेस तो.”

त्यानंतरच्या दोन गोधड्यांवर त्यांनी बोट फिरवलं. तिसरीच्या वेळी त्या नव्हत्या. मधल्या चौकाशी आल्यावर माझा एक टाका वाकडा पडला. मी सुई थांबवली. त्या टाक्यावर बोट ठेवलं. मग मीच मोठ्यानं म्हटलं, “उसव.”