थर्मासातला बर्फ

मूल गावच्या सरकारी दवाखान्यात मी औषधं वाटायचो आणि शेजारच्या खोलीत लॅबवाला रक्त तपासायचा. रोज सकाळी बाजारातून बर्फ आणून थर्मासात भरायचा. दुपारी थर्मास कानाशी धरून हलवायचा. आत बर्फ वाजला की खूश. संध्याकाळी सगळं पाणी कडुनिंबाला.

मेंदूज्वराचं रक्त पुण्याला तपासतात आणि ते तिथं थंडच पोचावं लागतं, एवढं मला ठाऊक होतं. पण साथ नसताना ही कसरत कशाला, ते कळेना. मे महिन्यात एकदा ऊन लागून माझं डोकं ठणकत होतं. मी बर्फाचा खडा मागितला.

"ज्याच्यासाठी हाय, तो अजून आला नाई भाऊ," तो म्हणाला, आणि भर उन्हात जाऊन माझ्यासाठी सरबताच्या गाडीवरून बर्फ घेऊन आला.

पुढे पावसाळ्यात शेतातल्या धानाच्या बांध्या पाण्याने भरल्या, तेव्हा तापात झटके येणाऱ्या एका पोरीला दवाखान्यात आणलं. तिचं रक्त थर्मासात ठेवून तो पुण्याला निघायला नागपूरच्या एसटीत बसला. मी खिडकीशी गेलो.

"बर्फ हाय का, ऐकून पाहा ना."

"आता हालवाले जमत नाई भाऊ. पोरीचं रक्त हाय त्यात, हाललं तं खराब होते."

गाडी सुटली. पहिल्याच खड्ड्याला तो थर्मास छातीशी धरून सीटवरून उठला आणि उभाच राहिला.