अर्ज मागे न घेणारा माणूस

बिभीषण गर्जे आमच्या मंडळाच्या निवडणुकीत पडला, त्याला आता चार महिने होतील. निवडून आलेल्यांचे सत्कार झाले, शुभेच्छांचे फलक लागले. पडलेल्याचं कुणी काही केलं नाही. निकाल लागला त्याच संध्याकाळी तो आपल्या शेडवर होता आणि वेल्डिंगचा काळा चष्मा डोळ्यांवर ओढून कामाला लागला होता. त्याच्याविषयी लिहावं, असं मला तेव्हाच वाटलं होतं.

बिभीषण पाथर्डी तालुक्यातला. दसरा झाला की आईवडील ऊसतोडीला निघायचे आणि त्यांच्याबरोबर हाही. शाळा अर्धी गावात आणि अर्धी साखर कारखान्याच्या तळावर झाली. पुढे आयटीआय करून तो सुप्याला एका मोठ्या कंपनीत वेल्डर म्हणून लागला आणि पस्तिशीत त्याने स्वतःची शेड घेतली. विजेच्या पॅनेलना लागणारे पत्र्याचे खोके तो बनवतो. माणूस अबोल. कुणाकडे गेला तर खुर्चीच्या कडेवर टेकतो, चहा पटकन संपवतो आणि आपणच कप विसळायला उठतो.

त्याची शेड औद्योगिक वसाहतीत आमच्या शेडच्या ओळीतच आहे. माझे यजमान तिथे स्प्रिंगा बनवायचे. ते गेल्यावर मी काम बंद केलं नाही. रोजचं सगळं माझी मुलगी दिशा पाहते आणि मी सावेडीच्या घरून अधूनमधून जाते. छोट्या शेडवाल्यांचं एक मंडळ आहे, सहयोग मंडळ. यजमानांच्या जागी मी त्याची सभासद झाले.

मंडळाला दोन गोष्टींचा फार अभिमान होता. पहिली, स्थापनेपासून तिथे एकदाही मतदान झालं नव्हतं. कुणी अर्ज भरलाच तर वडीलधारे त्याच्याकडे जायचे, चहा व्हायचा, खांद्यावर हात पडायचा आणि अर्ज मागे निघायचा. मग "यंदाही बिनविरोध" म्हणून पेढे वाटायचे. आबासाहेब रोहोकले इतकी वर्षं असेच अध्यक्ष होते. दुसरी गोष्ट म्हणजे 'फराळ'. दिवाळीआधी प्रत्येक शेडकडून मंडळ काही रक्कम जमा करायचं आणि आबासाहेब ती त्या त्या सरकारी कार्यालयांत स्वतः पोहोचती करायचे. मग वर्षभर कुणाचं काम अडत नसे. सभासदाला कुणापुढे पाकीट धरावं लागत नसे, मान खाली घालावी लागत नसे. "आपले हात स्वच्छ राहतात," असं लोक मनापासून म्हणायचे.

आबासाहेबांना वाईट माणूस म्हणता येणार नाही. फार पूर्वी एका सभासदाने एका सरकारी साहेबाशी वाद घातला आणि त्याच्या शेडला सील लागलं. तो माणूस पुन्हा उभा राहिला नाही. त्यानंतर आबासाहेबांनी हा फराळ सुरू केला. एकट्याला कुणी गाठू नये, एवढाच त्यांचा हेतू होता.

गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीत बिभीषणने फराळाचे पैसे दिले नाहीत. भांडला नाही, भाषण केलं नाही. "या वर्षापासून न्हाई देणार," एवढंच म्हणाला.

पुढच्या वर्षी श्रावणात त्याचं काम अडलं. एका कंपनीने त्याला मोठी ऑर्डर देऊ केली होती, पण खोके रंगवूनच हवे होते. त्यासाठी त्याने रंग भाजायची भट्टी बसवली. भट्टी पेटवायला एका कार्यालयाची परवानगी लागते. कोणत्या, ते मी इथे लिहीत नाही. अर्ज देऊन बरेच दिवस झाले, तरी तपासणीला कुणी फिरकलं नाही. दसऱ्यापर्यंत भट्टी पेटली नाही तर कंपनी ऑर्डर दुसऱ्याला देणार होती.

दसऱ्याची अडचण त्याच्या माणसांनाही होती. भट्टीवर काम करायला त्याने गावचं एक जोडपं आणलं होतं, सुनील आणि सविता. दोघं ऊसतोडीला जाणारी. बिभीषणने त्यांना या वर्षी थांबवलं होतं. पण टोळीचा मुकादम गावात येऊन उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, वाटत होता. दसऱ्याच्या आत भट्टी सुरू झाली नाही तर त्यांना उचल घेऊन ट्रकमध्ये बसावंच लागणार होतं.

आबासाहेब बिभीषणच्या शेडवर गेले तेव्हा मी तिथेच होते. दिशाने एक मोडका स्टँड जोडायला दिला होता, तो घ्यायला मी गेले होते.

"बिभीषण, एक फोन करतो. उद्या माणूस येईल तपासणीला," आबासाहेब म्हणाले. "तू फक्त आपल्यात ये."

"आबा, मी आपल्यातच हाय की."

"मग फराळाचं काय अडतंय तुझं? तुला कुठं कुणाच्या दारात जायचंय? मी आहे ना जायला."

बिभीषणने हातमोजे काढले आणि आबासाहेबांसाठी स्टूल पुसलं.

"आबा, आमच्या टोळीत मुकादम हुता. कारखान्याशी जे काय बोलायचं ते त्यानंच बोलायचं. माझ्या बापानं उभ्या जन्मात कारखान्याच्या हापिसाची पायरी चढली न्हाई. त्याला वाटायचं, बरंय, आपल्याला बोलावं लागत न्हाई. वजनात किती मारलं, मधे किती गेलं, कधी कळलंच न्हाई. विचारायचं कुनाला? मुकादमालाच!" तो थांबला. "आपलं मंडळ आता तसंच झालंय. राग मानू नका."

"मला मुकादम म्हणतोस?"

"तुमाला न्हाई आबा. मंडळाला."

आबासाहेब उठले. दारात वळून म्हणाले, "तुझं नाव ठेवणाऱ्याला पुढचं दिसत होतं म्हणायचं."

कोपऱ्यात पत्रे मोजत असलेला सुनील खाली बघून हसला. बिभीषणही किंचित हसला. नावावरून टोमणे ऐकायची त्याला लहानपणापासून सवय होती.

गणपती उठले आणि मंडळाच्या निवडणुकीची सूचना लागली. निवडणूक अधिकारी म्हणून सगळ्यांनी माझं नाव घेतलं. काम काही नसतं, बिनविरोधचं पत्र वाचून दाखवायचं, एवढंच. मात्र या वेळी अध्यक्षपदासाठी दोन अर्ज आले. दुसरा बिभीषणचा.

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी मंडळाच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. वडीलधाऱ्यांनी समजावलं. चहा झाला. खांद्यावर हात पडले. "पोरा, परंपरा मोडू नको," कुणी म्हणालं. "उपाध्यक्ष करतो," कुणी म्हणालं. एकाने तर, "तुझी भट्टी उद्या पेटवून देतो," असंही सांगितलं. ते ऐकून बिभीषणचा चेहरा बदललेला मी पाहिला. सविता-सुनीलचा विचार त्याच्या मनात आल्याशिवाय राहिला नसेल. त्याने चहा संपवून कप खाली ठेवला.

"मी पडंन, ठावं हाय मला," शेवटी तो म्हणाला. "पन मतं पडू द्या. आबांनी एकदा मत मागायला तरी यावं सगळ्यांकडं. माझ्याकडं बी यावं."

वेळ संपली तसा मी खोलीचा दरवाजा लावला. दोन्ही अर्ज राहिले.

त्यानंतर जे झालं ते मंडळात कधीच झालं नव्हतं. आबासाहेबांना शेडशेडवर जावं लागलं. अध्यक्ष आपल्या दारात आलेला लोकांनी पहिल्यांदा पाहिला. सुरुवातीला गप्पा, पाणी, हवापाणी. मग ज्योतीच्या शेडवर गाडी अडली. ज्योती पुठ्ठ्याची खोकी बनवते, नवरा गेल्यापासून एकटीने धंदा सांभाळते. तिने कामगारांसमोरच विचारलं, "आबा, तुम्ही निवडून याल. पण फराळाचं काय करणार?"

"ते आपण बसून बोलू, ताई."

"बसलोय की आता. बोला."

पुढच्या शेडवर तोच प्रश्न आला, त्याच्या पुढच्याही शेडवर. लोक इतकी वर्षं गप्प होते, ते सगळे खूश होते म्हणून नव्हे. आबासाहेब संध्याकाळी आमच्या शेडवर आले तेव्हा दमलेले होते. मी पाणी दिलं.

"वहिनी, मी यांच्यासाठी एवढं केलं," ते म्हणाले. "आणि आज मला चोरासारखं विचारतात."

"चोरासारखं नाही विचारत, आबासाहेब. उमेदवाराला विचारतात तसं विचारतात."

पाणी संपवून ते उठले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सांगायला सुरुवात केली, मी निवडून आलो तर फराळ बंद. कुणाचं काम अडलं तर सगळे मिळून, दिवसाढवळ्या, कार्यालयात जाऊ. बिभीषण हेच मागत होता. त्याच्या प्रचाराला काही उरलंच नाही. दिशा त्याला म्हणाली, "दादा, त्यांनी तुमचंच सगळं उचललं." तर म्हणाला, "उचलू दे की. लई जड हुतं मला एकट्याला."

मतदान झालं. शाळेतून आणलेल्या पत्र्याच्या पेटीत लोकांनी चिठ्ठ्या टाकल्या. काही जण चिठ्ठी टाकून नुसतेच तिथे उभे राहिले, काय करावं ते न सुचल्यासारखे. आबासाहेब निवडून आले. निकाल मी वाचला. टाळ्या पडल्या, हार आला. तो गळ्यात पडायच्या आधीच मागून ज्योती उठली.

"आबा, दिलेला शब्द. बिभीषणदादांचा भट्टीचा अर्ज अजून कार्यालयातच पडून आहे."

आबासाहेबांनी हार घालणाऱ्याचा हात धरून ठेवला. त्यांनी बिभीषणकडे पाहिलं. बिभीषण भिंतीला टेकून उभा होता.

"उद्या सकाळी," आबासाहेब म्हणाले. "कोण कोण येतंय?"

आले बरेच. मीही गेले. आबासाहेब पुढे, रिकाम्या हाताने. त्यांना असं आलेलं पाहून कार्यालयातला कारकून गडबडला. "आबा, तुम्ही कशाला? फोन करायचा."

"आता फोनवर काही नाही. अर्ज का थांबलाय, ते लिहून द्या."

"साहेब मीटिंगला गेलेत."

"बसतो आम्ही."

बाकड्यांवर मावले तेवढे बसले, बाकीचे जिन्यात. कुणी आवाज चढवला नाही. दुपारी डबे उघडले. ज्योतीने कारकुनालाही भाकरी दिली. त्याने ती घेतली, पण टेबलावर तशीच ठेवून दिली. साहेब आले तेव्हा त्यांना आधी काय झालंय ते कळेना. आबासाहेबांना ते चांगले ओळखत होते, आणि नजर द्यायचं दोघंही टाळत होते. संध्याकाळी एक कागद मिळाला: तपासणी बाकी, लवकरच होईल. त्याखाली सही होती. नियमात किती मुदत आहे, ते आबासाहेबांनी विचारलं. साहेबांनी नाइलाजाने तपासणीची तारीख टाकली. तारीख दसऱ्यानंतरची होती.

बिभीषणने कागद दोनदा वाचला आणि खिशात ठेवला. बाकीचे जिंकल्यासारखे बोलत होते. तो एकटाच जिना उतरला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सविता आणि सुनील शेडवर भेटायला आले. सामान बाहेर टेम्पोत होतं. सुनील उगाच भट्टीचं दार उघडझाप करत राहिला. बोलली ती सविताच.

"दादा, तुमी खरं वागला, ते समदी म्हनत्यात. पन तुमच्या खऱ्यापायी आमी पुन्हा उसाच्या फडात चाललो. ते बी कुनी म्हना की."

"म्हनतो ना," बिभीषण म्हणाला. "मीच म्हनतो."

"एक फोन केला असता आबांनी, तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. पदराने तोंड पुसलं आणि निघाली. बिभीषण टेम्पोपर्यंत गेला, त्यांचा पत्र्याचा डबा त्याने वर चढवून दिला. टेम्पो गेल्यावरही तो तिथेच उभा राहिला. मी त्याच्याजवळ गेले नाही. अशा वेळी माणसाला सोबत नको असते.

तपासणी दिलेल्या तारखेला झाली. आजूबाजूच्या शेडचे चार मालक साक्षीला उभे होते. तपासणाऱ्याने हजार ठिकाणी बोट ठेवलं, पण नियमात बसणारी त्रुटी त्याला सापडली नाही. दिवाळी उलटल्यावर परवानगी हातात आली. तोवर कंपनीने अर्धी ऑर्डर संगमनेरच्या एकाला देऊन टाकली होती. उरलेली अर्धी बिभीषणला मिळाली. त्याने गावातले दुसरे दोघे शिकवून भट्टी चालू केली.

मंडळात सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. फराळाची रक्कम गोळा झाली नाही, हे खरं. पण काही सभासद आता एकेकटे जाऊन गुपचूप देतात, असं माझ्या कानावर आहे. त्यातल्या एकाला आबासाहेबांनी भर सभेत विचारलं तेव्हा तो लालबुंद झाला आणि निघून गेला. कुणाचं काम अडलं तर मात्र लोक आता मंडळात येऊन सांगतात. आधी सांगायची लाज वाटायची. पुढच्या निवडणुकीला ज्योती उभी राहणार आहे, असं ती आत्तापासून उघड सांगत फिरते. आबासाहेबांनीही मला हे सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता.

भट्टी पहिल्यांदा पेटली त्या दिवशी बिभीषणने मला बोलावलं होतं. पूजा झाली, नारळ फुटला. त्याने बाजूला जाऊन सुनीलला फोन लावला. तिकडे कोल्हापूर भागात कुठल्यातरी फडात ते होते. वारा आणि ट्रॅक्टरचा आवाज इतका होता की फोनचा स्पीकर चालू करावा लागला.

"पेटली रे," बिभीषण म्हणाला.

सुनीलच्या हातून फोन सविताने घेतला असावा.

"आता पेटून काय उपेग? उचल फिटल्याशिवाय मुकादम सोडतोय व्हय?" ती म्हणाली. मागे कुणीतरी हाक मारत होतं, मोळ्या उचलायला. "कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की येऊ, फाल्गुनात. दादा, जागा हाय का भरली?"

बिभीषणने भट्टीपाशी उभ्या असलेल्या दोघांकडे पाहिलं.

"हितं दोघं हायेत आता. त्यांना काढनार न्हाई," तो म्हणाला. "पन तुमी या. दुसरी पाळी लावतो."

"ऑर्डर तर अर्धीच हाय म्हनं?"

"अर्धीच हाय. तोवर दुसरी बघतो."

सविता म्हणाली, "बघा," आणि फोन बंद झाला. फाल्गुनाला तेव्हा तीन महिने होते. बिभीषणने मोबाईल खिशात टाकला आणि नवीन ऑर्डरसाठी त्याच दुपारी तो पुण्याच्या गाडीत बसला.