चिमूटभर कुजका पेंढा

तिकोणा पेठेजवळच्या शेतात मी गंजीखालचा कुजका पेंढा काचेच्या नळीत भरत होतो, तेव्हा शेताची मालकीण विळा घेऊन समोर आली.

"ठेव ती नळी खाली. कुनी धाडलं तुला? निम्मं रान धरणात गेलंय माजं, आता काय राहिलं मोजायचं?"

"पुण्याच्या कॉलेजातून आलोय, मावशी. सरांनी पाठवलंय."

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. सरांनी विश्वासानं सोपवलेलं हे माझं पहिलंच काम होतं. तिनं माझी पिशवी पोत्यावर पालथी केली, नळी हुंगली, भाकरीसुद्धा उलगडून पाहिली. मी समजावलं, की पेंढ्यावरची बुरशी एक रस सोडते आणि त्यानं पेंढा विरघळतो. सरांना वाटतं, त्या रसाच्या कणाला दोन भाग असावेत. एक काडी धरून ठेवतो, दुसरा ती कापतो.

ती चपापली. "मोजनीवालं बी दोगंच आलतं. एक साखळी धरायचा, दुसरा खुंटी ठोकायचा. तुजा दुसरा कुटं हाय?"

"मी एकटाच आहे."

"धरनारा येकटा कदी येत न्हाई."

शेवटी तिनंच चिमूटभर पेंढा नळीत टाकला. पण त्याआधी त्याला चिकटलेली माती झाडून रानात परत टाकली.

पुढे सरांचा अंदाज खरा ठरला. आता मी विद्यार्थ्यांना ते दोन भाग फळ्यावर काढून दाखवतो, तेव्हा ती आठवते. त्या दिवशी माझी एसटी येईपर्यंत ती बांधावर उभी होती. माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या रस्त्याकडे बघत.